उन्हात घाम, पुरात कोरडे नळ: कोल्हापूरकरांसाठी पाण्याचं वर्षभराचं नियोजन

कोल्हापूरचं ऊन म्हणजे काही ऊन नव्हे, असं नागपूर-चंद्रपूरकडची माणसं म्हणतात आणि आपणही ते खरं मानून चालतो. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची, पश्चिमेला सह्याद्री, संध्याकाळी सुटणारा वारा आणि मधेच कोसळणारा वळीव. एप्रिल-मेमध्ये पारा बरेच दिवस ३६ ते ३९ अंशांच्या आसपास घुटमळतो. हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर व्हायला तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं. त्यामुळं कागदावर आपल्याकडं लाट क्वचितच येते. पण शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढं उभ्या माणसाला, पत्र्याच्या खोलीत दुपार काढणाऱ्या म्हातारीला किंवा जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी, म्हणजे देवाची उंच मानाची काठी, पेलणाऱ्या पोराला या कागदाचा काय उपयोग? शिवाय वळवाच्या आधीचे ते कोंदट दिवस. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. घाम वाळला तरच अंग गार होतं. म्हणून ३७ अंशांचा दमट दिवस ४० अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षा जास्त काहिली करतो.

ही झाली उन्हाळ्याची बाजू. पाण्याची खरी टंचाई मात्र कोल्हापूरनं पावसाळ्यात पाहिली आहे. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. पंचगंगा पात्राबाहेर पडली, उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहराचा बराच भाग पाण्याखाली असताना नळाला थेंब नव्हता. घागरी घेऊन लोक टँकरमागं धावत होते. म्हणून पाण्याचं नियोजन मार्चमध्ये सुरू करून मेमध्ये गुंडाळायचं नसतं, ते ऑगस्ट संपेपर्यंत ओढायचं असतं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं लावल्या आहेत.

पायरी १: आपलं माप आपणच काढा

‘दिवसाला आठ ग्लास’ हे सगळ्यांना सारखं लागू पडणारं माप नाही. राजारामपुरीत पंख्याखाली बसून हिशेब लिहिणारा आणि गोकुळ शिरगावात साचे भरणारा, दोघांना सारखं पाणी कसं पुरेल? सोप्या दोन खुणा आहेत.

पहिली खूण लघवीची. फिकट पिवळी असेल तर ठीक चाललंय. गडद पिवळी, थोडी, जळजळणारी असेल तर शरीर पाणी राखून ठेवतंय. सकाळची पहिली लघवी गडदच असते, ती धरू नका. ब-जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रंग गर्द पिवळा येतो, तोही धरू नका. दुपारी बारा-एकची लघवी बघा. सकाळपासून चार-पाच तास लघवीलाच गेला नसाल तर रंग बघायची गरजच नाही, पाणी कमी पडलंय.

दुसरी खूण वजनकाट्याची. अंगमेहनतीचं काम, तालीम किंवा फुटबॉल खेळणाऱ्यांनी ती एकदा तरी करून बघावी. कामाआधी कमीत कमी कपड्यांत वजन करा. काम झाल्यावर घाम पुसून पुन्हा करा. जितके किलो कमी झाले, तितके लिटर पाणी अंगातून गेलं. मधल्या वेळेत अर्धा लिटर प्यायला असाल आणि तरी वजन एक किलो उतरलं असेल, तर घाम दीड लिटर गेला. वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट झाली की काम आणि डोकं दोन्ही मंदावतात. ७० किलोच्या माणसाला ही हद्द १ किलो ४०० ग्रॅमवर येते. एवढं एकदा कळलं की किती प्यायचं ते दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

पायरी २: पाणी वेळेला बांधा, तहानेला नको

तरुण, धडधाकट आणि सावलीत बसणाऱ्या माणसाला तहान पुरेशी सूचना देते. उन्हात राबणाऱ्याला ती उशिरा देते, आणि साठीच्या पुढं तर देतच नाही म्हणायला हरकत नाही. म्हणून वेळापत्रक हवं.

उठल्यावर चहाआधी एक-दोन भांडी पाणी. आपल्याकडं चहा हा प्रश्न नसून कर्तव्य आहे, त्यामुळं तो सोडा असं मी सांगणार नाही. चहानं शरीर सुकतं ही समजूत फारशी खरी नाही, नेहमीच्या दोन-तीन कपांतलं बरंचसं पाणी अंगी लागतं. फक्त चहा म्हणजेच पाणी असं धरू नये. घराबाहेर पडताना एक भांडं, जेवणाआधी अर्धा तास एक, दुपारी तीनला एक, संध्याकाळी घरी आल्यावर एक. झोपताना घोटभर पुरे, नाहीतर रात्री दोनदा उठावं लागतं आणि मग माणूस संध्याकाळचंही पाणी बंद करतो.

उन्हात काम असेल तर दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिली. तासाला साधारण पाऊण ते एक लिटर. याला वरचीही मर्यादा आहे: तासाला दीड लिटरच्या पुढं जाऊ नका. नुसतं पाणी भराभर ढोसलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण, आणि फार झालं तर झटके येतात. लोकांना वाटतं ऊन लागलं म्हणून असं होतंय, आणि ते आणखी पाणी पाजतात.

पायरी ३: काय प्यायचं, काय नुसतं चाखायचं

पहिला मान साध्या पाण्याचा. माठातलं असेल तर उत्तम. माठ पाझरतो, वरचं पाणी वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. म्हणूनच कोरड्या दिवसांत माठ झकास गार होतो आणि कोंदट दिवसांत आळस करतो. माठाखाली वाळू, भोवती ओलं फडकं, वर झाकण आणि काढायला लांब दांड्याचं ओगराळं. हात बुडवून पेला भरण्याची सवय घरात कुणाला असेल तर ती आधी मोडा. दर दोन-तीन दिवसांनी माठ रिकामा करून आतून घासून घ्या, साबण मात्र लावू नका, माती तो पिऊन बसते.

दुसरं ताक. पाणी, मीठ, थोडं पोटॅशियम आणि पोटाला हलकं. कोल्हापुरात दूध मुबलक, तर दुपारच्या जेवणात ताकाचा तांब्या असायलाच हवा. पातळ करा. घट्ट मठ्ठा पिऊन झोप येते, तहान भागत नाही.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित, आंबील. आपल्याकडं आंबील म्हटलं की मार्गशीर्षातली ओढ्यावरच्या रेणुकेची यात्रा आठवते, पण तिचं खरं काम वैशाखात आहे. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ रात्री पाण्यात भिजवा. सकाळी त्यात दोन पेले पाणी घालून मंद आचेवर हलवत शिजवा, गुठळी होऊ देऊ नका. निवलं की पातळ ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं घाला. पाणी, मीठ आणि पोटाला आधार, तिन्ही एका भांड्यात. शेतावर जाणाऱ्यानं न्याहारीला हीच घ्यावी. बाटलीत भरून नेली तर दुपारच्या आत संपवा.

कैरीचं पन्हं आणि कोकम सरबत चांगलंच, पण गूळ-साखरेचा हात आखडता ठेवा आणि चिमूटभर मीठ विसरू नका. गूळ आपल्या घरचा आहे म्हणून मधुमेह त्याला सवलत देत नाही.

उसाचा रस? गुऱ्हाळांच्या जिल्ह्यात राहून रसाला नावं ठेवणं जिवावर येतं. एखादा पेला खुशाल प्या. पण त्यात साखर भरपूर असते, तहान भागवायला तो एकटा पुरत नाही, आणि खरी भीती रसाची नसून बर्फाची आहे. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यावा असा नियम आहे, पण प्रत्येक लादीची खात्री कोण देणार? बिनबर्फाचा, समोर काढलेला, लगेच प्यायलेला रस बरा. चरक आणि गाळणी माशांनी भरलेली दिसली तर पुढं चालायला लागा.

तालमीतली थंडाई हा खुराक आहे. ती तहानेचं पाणी नव्हे. मेहनत झाल्यावर आधी पाणी, मग थंडाई. वजनी गटात बसण्यासाठी कुस्तीआधी पाणी तोडणारे, जाड कपडे घालून घाम काढणारे पैलवान आहेत. त्यांच्या वस्तादांनी हे थांबवावं. पाणी तोडून उन्हात धावल्यानं पैलवान आखाड्याऐवजी दवाखान्यात पोचू शकतो.

कोल्ड्रिंकनं तहान भागल्यासारखी वाटते, साखर मात्र बाटलीभर जाते. दारूनं लघवी वाढते. भर उन्हात दुपारच्या पार्टीत तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासोबत बिअर ढोसून लगेच गाडीवर बसणं हे तर दुहेरी संकट.

ओआरएस: एवढं एक नीट शिका

जुलाब, उलटी किंवा उन्हात खूप घाम जाऊन गळून जायला झालं तर ओआरएससारखं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. ग्लुकोज चवीसाठी नाही. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. प्रमाण बिघडलं की हे सगळं बिघडतं.

बनवताना:

१. पुडीवर किती पाण्यासाठी आहे ते वाचा. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी २०० मिलीची.
२. एक लिटर पाणी उकळून गार करा, किंवा खात्रीचं घ्या. मापाची बाटली वापरा, अंदाजानं तांब्या नको.
३. पूर्ण पुडी पूर्ण पाण्यात. एक लिटरची पुडी एका पेल्यात ओतून ‘कडक’ पाजणं धोक्याचं आहे, लहान मुलाला तर फारच. निम्मी पुडी निम्म्या पाण्यात हेही टाळा, पावडर सारखी वाटली जात नाही.
४. साखर, लिंबू, सरबत काही घालू नका. पुन्हा उकळू नका.
५. झाकून ठेवा, २४ तासांनी उरलेलं टाका.

पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव बघा, आपल्या अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून नव्यानं करा. उलटी होत असेल तर दोन-चार मिनिटांनी एकेक चमचा द्या.

औषधाच्या दुकानात रंगीत खोक्यातली गोड पेयं ‘ओआरएस’ म्हणून खपत आली आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. तरी घेताना वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघाच. ऑफिसात बसून रोज ओआरएस पिण्याचीही गरज नाही. रक्तदाबाच्या माणसाला ते जास्तीचं मीठ आहे.

पायरी ४: उन्हात आणि भट्टीपुढं काम असेल तर

शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. सरावलेला माणूस लवकर घामेजतो आणि घामातून कमी मीठ घालवतो. म्हणून सगळ्यात जास्त धोका नव्या माणसाला, आणि सुट्टीवरून किंवा आजारपणातून परतलेल्याला. नवीन कामगाराला पहिल्या दिवशी उष्णतेत पूर्ण कामाच्या २० टक्के वेळ, मग रोज २० टक्क्यांनी वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण काम, असा नियम जगभर शिफारस केला जातो. आपल्याकडं नेमकं उलटं होतं. नवा पोरगा आला की पहिल्याच दिवशी त्याला सगळ्यात तापल्या जागी उभं करतात, ‘बघू टिकतोय का’ म्हणून. सुपरवायझरांनो, हे बंद करा.

फौंड्रीत पाण्याचा कूलर गेटजवळ असतो आणि भट्टी दुसऱ्या टोकाला. एवढं चालत जायला कुणाला वेळ असतो? पाणी हातभर अंतरावर हवं. जाडजूड संरक्षक कपड्यांत घाम वाळायला जागा नसते, त्यामुळं दर तासाला कपडे सैल करून पंख्यासमोर बसण्याची पाळी लावा. जोडी-जोडीनं काम द्या. ऊन लागलेल्या माणसाला स्वतःचं भान राहत नाही, ते शेजाऱ्यालाच आधी कळतं: बोलणं बरळल्यासारखं, हातातली वस्तू सुटणं, उगाच चिडणं.

गुऱ्हाळावर हंगाम थंडीचा असला तरी रस आटवायच्या काहिलीपुढं, म्हणजे मोठ्या कढईपुढं, उभा गुळव्या आणि चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस यांना जानेवारीतही मेचाच उन्हाळा. गार वाऱ्यात घाम पटकन वाळतो आणि किती गेला ते कळत नाही. ऊसतोडीला आलेल्या मजुरांना फडावर पिण्याचं पाणीच मिळत नाही अशी स्थिती कित्येक ठिकाणी असते. ज्याच्या शेतात तोड चालू आहे त्यानं सकाळी दोन जार फडावर नेऊन ठेवणं फार खर्चाचं नाही. बायांना आडोसा नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, हेही लक्षात घ्या. पाण्याबरोबर आडोशाचीही सोय हवी.

जोतिबाची चैत्र यात्रा हा वेगळा विषय. चैत्र पौर्णिमा म्हणजे ऐन एप्रिल, लाखोंची गर्दी, गुलाल, अनवाणी पाय आणि उपाशीपोटी चढण. चालत जाणाऱ्यांनी पहाटे निघून नऊच्या आत डोंगर गाठावा. सासनकाठी पेलणाऱ्यांनी खांदेपालट लवकर करावी आणि दर पालटीला पेलाभर पाणी घ्यावं. उपवास असेल तर ताक, लिंबू-मिठाचं पाणी चालतं ना? मग ते घ्या. नाका-तोंडाला ओलं फडकं बांधलं तर गुलालही कमी जातो.

गाडीवरून दुपारी हिंडणाऱ्यांनी हेल्मेटखाली ओला सुती रुमाल घालावा. वाऱ्यामुळं बरं वाटतं, पण तोच वारा घाम पळवतो.

पायरी ५: घर

जुन्या पेठांतली कौलारू घरं दुपारी बरी असतात. स्लॅबची घरं दिवसभर तापतात आणि रात्री अकराला उष्णता सोडतात. मार्चमध्येच गच्चीवर चुन्याचे दोन हात द्या. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सावली हवी, आतून पडदा लावून फार फरक पडत नाही, कारण काच तापली की उष्णता आत शिरलेलीच असते. सकाळी नऊच्या सुमारास खिडक्या बंद, संध्याकाळी वारा सुटला की सताड उघड्या. कोल्हापूरच्या संध्याकाळच्या वाऱ्याइतका चांगला एसी विकत मिळत नाही.

पंख्याबद्दल एक गोष्ट. खोलीतली हवा ३५ अंशांच्या बरीच वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो. तरुणाला त्यात घाम वाळून बरं वाटतं, म्हाताऱ्या माणसाला घामच कमी येतो. त्यांच्यासाठी हात-मान-पाय ओल्या फडक्यानं पुसून मग पंखा. पत्र्याच्या खोलीत असलेल्यांना दुपारी बारा ते चार खाली, शेजारी, देवळात, कुठंही हलवा.

पायरी ६: ज्यांना मागता येत नाही

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी देऊ नका. आईचं दूध पुरतं, फक्त जास्त वेळा पाजा, आणि आईनं पाणी वाढवा. शाळकरी मुलांची बाटली घरी भरलेलीच परत येत असेल तर शाळेतलं स्वच्छतागृह एकदा जाऊन बघा, बहुतेक वेळा कारण तिथं सापडतं.

आजी-आजोबांना ‘पाणी हवंय का?’ विचारलं की उत्तर ‘नको’च येतं. विचारू नका, हातात पेला द्या. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं आणि मनोविकारांवरची काही औषधं उन्हात त्रास वाढवतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, उन्हाळा सुरू होताना डॉक्टरांना एकदा दाखवा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना पाण्याची मर्यादा घालून दिलेली असते. त्यांच्यासाठी वरचं कुठलंच माप लागू नाही.

आणि म्हैस. तिला घाम फार कमी येतो, कातडी काळी, त्यामुळं उन्हात ती माणसाआधी हैराण होते. दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला ६०-७० लिटर पाणी सहज लागतं. दिवसातून दोन-तीनदा अंगावर पाणी मारा आणि गव्हाणीपाशी पाणी कायम ठेवा. दूध घटलं की पेंड बदलण्याआधी पाणी मोजा.

पायरी ७: ऊन लागलं तर

थकवा, भरपूर घाम, डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, पण माणूस नीट बोलतोय: सावलीत आडवा करा, पाय उंच, कपडे सैल, घोट-घोट ओआरएस. अर्ध्या तासात बरं वाटायला हवं. नाही वाटलं तर दवाखाना.

माणूस बरळतोय, ओळखत नाही, झटके येतात, बेशुद्ध पडला, अंग भाजतंय: हा उष्माघात. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि प्रत्येक मिनिट मोलाचं. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका, राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम असतो.

१०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका. कपडे उतरवा. बादल्या, पाइप, जे असेल त्यानं पूर्ण अंगावर गार पाणी ओता, सोबत जोरात वारा घाला. विहिरीजवळ किंवा हौदाजवळ असाल तर डोकं वर धरून अंग पाण्यात बुडवणं सगळ्यात चांगलं. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मान, काख, जांघेत ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं यात वेळ जातो. तापाची गोळी इथं चालत नाही. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, असो की जवळचा खासगी दवाखाना, नेईपर्यंत वाटेतही अंग ओलंच ठेवा.

वळीव

दुपारी काहिली, चारला आभाळ काळं आणि पाच मिनिटांत वीज. विजेत शेतातली माणसं जास्त सापडतात, कारण पाऊस आला की ती झाडाखाली जातात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी लागले तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत शिरा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. उघड्यावर अडकलात तर झाड, खांब, तारेचं कुंपण, ट्रॅक्टर यांपासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेची सूचना देतं, शेतकऱ्यानं ते मोबाइलमध्ये ठेवावंच. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला हात लावा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा.

पायरी ८: पूर, आणि पिण्याचं पाणी

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. हे आकडे कोल्हापूरच्या पोरासोरांना पाठ असतात. पण आकडा बघून करायचं काय? माझं वेळापत्रक असं सुचवेन.

जूनमध्येच: २० लिटरचे झाकणाचे जार, क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या, ओआरएसच्या दहा पुड्या, टॉर्च, गमबूट. चौघांच्या घराला पिणं आणि रांधणं मिळून माणशी रोज ४ लिटर धरले तर पाच दिवसांना ८० लिटर, म्हणजे चार जार. पाच दिवस का? शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला की टँकर, दूध, भाजी सगळंच अडतं, आणि २०१९ ला ते आपण भोगलंय.

पातळी ३५ च्या पुढं चढतेय, गगनबावड्याकडं पाऊस थांबत नाही, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली: जार आजच भरा. गच्चीची टाकी भरून घ्या. ४३ ला रांग लावायला जाऊ नका, तेव्हा सगळं गाव तिथंच असतं. सुतारवाड्यासारख्या सखल भागात किंवा चिखली-आंबेवाडी, शिरोळकडच्या गावांत राहत असाल तर पाणी साठवण्याआधी माणसं आणि जनावरं हलवा. दावं सोडायला रात्री दोनला छातीभर पाण्यात जाण्याची वेळ आणू नका. पाणी घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद. मदतीसाठी जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा, मोबाइलची बॅटरी संपते.

काळम्मावाडीची थेट पाईपलाईन २०२३ च्या अखेरीस सुरू झाल्यापासून शहराचा पंचगंगेवरचा भार हलका झालाय. पण पंप विजेवर चालतात आणि घरातला आरओही विजेवरच. म्हणून हातानं पाणी शुद्ध करता यायलाच हवं.

गढूळ पाणी असेल तर आधी स्थिर ठेवा, तुरटी फिरवा, वरचं निवळ पाणी चौपदरी सुती फडक्यातून गाळा. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. मग उकळा: खदखदून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट, गॅस पुरत असेल तर थोडं जास्त. गॅस नसेल तर क्लोरीन, बाटलीवर लिहिलेल्या मापानं, आणि ३० मिनिटं थांबून मग प्या. हलका वास आला तर तो चांगला. मोठ्या टाकीसाठी ताज्या ब्लीचिंग पावडरीचं, म्हणजे आपल्या भाषेत टीसीएलचं, माप १००० लिटरला ५ ग्रॅम. आधी बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी टाकीत ओता. टँकरच्या पाण्यालाही हेच करा. इंधन, शेतीची औषधं किंवा कारखान्याचं सांडपाणी मिसळल्याचा वास येत असेल तर ते उकळूनही पिण्याजोगं होत नाही, भांडी घासायलाही नको. २०१२ मध्ये इचलकरंजीनं काविळीची साथ बघितली आहे, दूषित पाणी म्हणजे नुसते जुलाब नव्हेत.

पूर ओसरल्यावर तळटाकी थेट वापरू नका. पूर्ण उपसा, गाळ काढा, घासा, भरून १००० लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घाला, रात्रभर ठेवा, नळ सोडून पाइपातूनही ते पाणी जाऊ द्या, सगळं सांडा, पुन्हा धुऊन मग नेहमीच्या मापानं भरा. हे करताना हातमोजे घाला, आणि टाकीत उतरणारा माणूस एकटा नको. बंद टाकीत हवा कोंदलेली असते.

जुलाब लागलेल्या मुलाला ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात. सरकारी दवाखान्यात मिळतात, जुलाब थांबले तरी पूर्ण कराव्यात. पुराच्या पाण्यात उतरावं लागलं तर गमबूट घाला, कोल्हापुरी चप्पल घरात ठेवा, जखमेवर पाणी लागू देऊ नका. जनावरांच्या आणि उंदरांच्या मुतानं पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. पाण्यातून चालल्यावर पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो.